रकाना क्रमांक सात

सिंचन भवन, तिसरा मजला, मसुद्याची चौथी प्रत.
विषय: ओढ्यात किमान प्रवाह राखण्यासाठी
पाणीहक्कांचे ऐच्छिक हस्तांतरण,
प्रायोगिक तत्त्वावर.
एवढं वाचून होईपर्यंत चहावर साय धरली.

रकाना एक, अर्जदाराचं नाव. दोन, गट नंबर.
तीन, मंजूर पाणी. चार, त्यातल्या किती पाळ्या सोडणार.
पाच नि सहा मोबदल्याचे.
सातवा, लाभार्थी.
तिथे मी पेन्सिलीनं लिहिलं: ओढा.

गेजगेसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"मॅडम, लाभार्थ्याला पत्ता लागतो.
सही लागते. निदान अंगठा."
वित्तवाले हसले. वाईट नव्हतं हसणं,
जेवायची वेळ झाली होती.

अंगठा त्याचा मी पाहिलाय.
मुठेच्या वरच्या खोऱ्यात, कारवीचा उतार संपतो तिथे,
डोह आटत गेला तशा कातळावर उमटलेल्या
पांढऱ्या वळ्या, एकीखाली एक, बारीक होत गेलेल्या.
एवढा स्पष्ट ठसा
आमच्या कुठल्याच नस्तीत नाही.

कोंडिबा ढेबे तिथला मोजणीदार.
एकवीस वर्षं पट्टीवरचा आकडा वहीत लिहितो
आणि आकड्याशेजारी, कुणी न सांगता, एक शेरा.
१४ जानेवारी. शून्य पूर्णांक नऊ. वाहतंय.
२ फेब्रुवारी. शून्य पूर्णांक चार. वाहतंय म्हणायचं.
२३ फेब्रुवारी. पट्टी कोरडी. खेकडे दगडाखाली.
आकडे दरमहा पुण्याला येतात.
शेरे टाईप करायचा रिवाज नाही.

गेल्या साली ठकूबाई पासलकर तयार झाली.
रब्बीच्या दोन पाळ्या सोडल्या तिनं,
फूट व्हॉल्व्ह उचलून काठावर उताणा ठेवला,
गहू केला नाही, हरभऱ्यावर भागवलं.
पाणी तिच्या बांधावरून पुढे गेलं, उंबराखालून गेलं,
आणि तिसऱ्या दिवशी, सुटलेल्या म्हशीचा माग काढावा तशी
ती ओढ्याच्या कडेनं चालत निघाली.
चौथ्या वळणावर नवा पंप. दहा हॉर्सपॉवर.
पलीकडे कुणाच्या तरी फार्महाऊसचं लॉन,
हिरवंगार, त्यावर पांढऱ्या खुर्च्या.
पुढे नुसती वाळू.
पंपाला परवाना होता. मी तपासला. शिक्का आमचाच.

"म्या सोडलं त्ये कुनी धरलं,
ह्ये तुमच्या कागदात कुठं लिवत्यात?"

कुठेच नव्हतं. म्हणून कलम अकरा:
सोडलेले पाणी, सोडल्या ठिकाणापासून संगमापर्यंत,
कोणीही उपसणार नाही.

"कोणीही?" साहेब म्हणाले. "म्हणजे महापालिकासुद्धा?"
शहराचं नाव निघालं की
या खोलीत सगळ्यांचा आवाज खाली येतो.
पंखा तेवढा बोलत राहतो.
मी पण याच शहरात राहते, धायरीत, चौथ्या मजल्यावर.
सकाळी सहा ते साडेसात पाणी.
घाईत असले की मी पण
नळ सोडून ठेवून दात घासते.

मग "पिण्याचे पाणी वगळून" आलं. मी मान हलवली.
मग "मंजूर उद्योग वगळून".
मग कुणीतरी "आणि तत्सम" सुचवलं.
तत्सम या शब्दाला केवढी तहान असते
ते मला त्या दुपारी कळलं.
तत्सम मी खोडला. उद्योगावर चर्चा पुढल्या मंगळवारी.
सातव्या रकान्यात आता रबराचा चुरा आहे,
आणि खाली, नीट पाहिलं तर, ओ चा काना.

साडेपाचला कोंडिबाचा फोन. रेंज तुटत होती.
"पट्टी कोरडी हाय, मॅडम.
पर वाळूत हात घातला, पार कोपरापत्तुर.
बोटं भिजली.
काय लिवू?"

तेच लिहा, म्हटलं.

सगळे गेल्यावर संगणक पुन्हा लावला.
एकवीस वर्षांच्या वह्या, पहिलं पान, उजवा रकाना.
टायपिस्ट रजेवर आहे.
मी दोन बोटांनी टाईप करते, हळू:
वाहतंय.
वाहतंय.
वाहतंय म्हणायचं.