कोरं झाकण

डॅशबोर्डवर, रेडिओच्या खाली,
एक काळं चौकोनी झाकण होतं.
त्याच्यामागे काहीच नव्हतं.
कंपनीनं बटणाची जागा सोडली
आणि बटणाचे पैसे वाचवणाऱ्याला गाडी विकली:
मुख्याध्यापक बोबडे सरांना, दोन हजार सहा साली.
त्यांच्याकडून ती माझ्याकडे आली,
चाळीस हजारांत,
सीटला अजून खडूचा वास.

मी नवऱ्या सजवते.
पार्लर आर्णीत, पण मे महिन्यात
ते माझ्या मागच्या सीटवर असतं.
लोणबेहळ, जवळा, सावळी.
सेहेचाळीस डिग्रीत लिपस्टिक
स्वतःच्या पायानं नळीबाहेर येते,
फाउंडेशनचं ताक होतं.
गेल्या साली एका नवरीची भुवई
मांडवात पोचेपर्यंत कानाकडे निघाली होती.
तिची आत्या म्हणाली,
"मंग येवढे पैसे कायचे घेता वो?"

म्हणून यवतमाळला, इलियासभाईकडे.
त्यानं बॉनेट उघडलं, बराच वेळ बोलला नाही.
"ताई, इंजिन लहान हाये.
थंडीचं ओझं उचलन, पण चढावर रुसन."
रुसू द्या, मी म्हटलं.
"अन् आधी भोकं बुजवा. थंडी लय पळपुटी."
तर एसीच्या आधी घ्यावं लागलं
डाव्या दाराचं रबर,
तळाला पत्रा,
आणि काचेचं हँडल
(ती काच सहा वर्षं
एका लग्नपत्रिकेच्या घडीवर उभी होती).

कॉम्प्रेसर आला मोडीतल्या गाडीचा.
अपघाताची तर नव्हती ना, मी विचारलं.
इलियासभाई पट्टा ताणत राहिला.
मग पाइपांच्या जोडांवर साबणाचा फेस:
फुगा आला तर गॅस गळतो.
एक फुगा आला. त्यानं पाना फिरवला.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
नाही आला.
शेवटी नखानं ते झाकण उचकटून
तिथं निळ्या दिव्याचं बटण बसवलं,
आणि झाकण माझ्या तळहातावर ठेवलं,
सुट्टे परत करावेत तसं.

पहिली नवरी प्रणाली, जवळ्याची.
बाकीचे टेम्पोत गेले,
ती शालूसकट पुढच्या सीटवर.
काचा चढवल्या आणि रस्ता बाहेरच राहिला.
इतकी वर्षं या गाडीत कोणी काही बोललं
की अर्धं वाऱ्यानं नेलं.
आता टाचणी पडली तरी ऐकू आली असती,
आणि पडलीच एक, तिच्या अंबाड्यातली.

जिनिंगच्या भिंतीशी ती म्हणाली,
"मॅडम, पाच मिंटं थांबवता काय?"
थांबवली. इंजिन चालू ठेवलं.
काय झालं, विचारलं नाही;
या धंद्यात विचारायचं नसतं,
रडू आलं तर काजळ माझंच जातं.
ती रडली नाही.
जाळीसमोर हात धरून
मेंदीचं एकेक बोट गार करत बसली.
मग ते झाकण दिसलं तिला, गिअरपाशी पडलेलं.
"हे कायचं?"
सोडलेल्या जागेचं, मी म्हटलं.
ती ते उलटंसुलटं करत राहिली.

गाडीखाली पाणी टपकत होतं,
कुठूनशी एक शेळी येऊन
ते डांबरावरून चाटायला लागली.
काटा मध्यावर होता. मग मध्याच्या वर.
पलीकडे बँडवाले ढोल तापवत होते,
नुसते हात हलताना दिसत.

लाल रेघेला काटा टेकला तेव्हा म्हणाले,
"बाई, आता इंजिन जयन."
"हो," ती म्हणाली.

मी बटण दाबलं, काच उतरवली.
आधी ऊन आत आलं, मग बँड.
लिपस्टिक जागच्या जागी होती.
झाकण परत मागायचं राहून गेलं.