कशाचं सोंग

लिंबाजी रायरंद दर साली जिंतूरला यायचा,
तुरी खळ्यावरून घरात आल्या की.
एकदा जमादार होऊन आला,
सायकलीला दिवा नाही म्हणून आमच्या हेडमास्तरांना
भर चौकात कान धरायला लावले,
मग हसून सव्वा रुपया मागितला.
एकदा पोस्टमन. हौसाबाईच्या हातात कोरं पाकीट दिलं,
ती ते न उघडताच रडली.
त्या दिवशी त्यानं बिदागी घेतली नाही.

यंदा तसाच आला.
पांढरा सदरा, एक गुंडी तुटलेली, पायात स्लिपर.
आठवडी बाजारात मिरचीवाल्यांच्या पुढं
एका बंद गाळ्यासमोर
शटरकडं तोंड करून उभा राहिला.
हलला नाही. बोलला नाही.

मी चित्रकलेचा मास्तर.
केळं, तांब्या आणि तांब्याची सावली शिकवत
अठरा वर्षं गेली.
वाटलं, हे आपलं काम आहे.
पिशवी खाली ठेवून बघत राहिलो.

"कशाचं सोंग हाय हे?"
"मतदाराचं," चहावाला म्हणाला.
"मेलेल्या माणसाचं," अत्तरवाले खाजामियाँ म्हणाले,
"हिशोबाच्या दिवशी असंच उभं राहायचंय."
एक बाई काहीच म्हणाली नाही,
कोथिंबिरीची जुडी सावरत त्याच्या मागं जाऊन थांबली.
तिच्यामागं एक म्हातारा. मग दोन पोरं.
दीड वाजता रांग गुळाच्या आडतीला टेकली.
काय मिळणार आहे, कुणी विचारलं नाही.
एकजण मधेच घुसला
तर त्याला शिव्या मात्र बसल्या.

सकाळी शटरवर त्याची सावली होती.
ती आखडत आखडत पायाशी आली,
मग मागच्या बाईच्या अंगावर गेली.
मी वहीत लिहिलं : सावलीसुद्धा रांगेत आहे.
लिहिलं, आणि स्वतःवरच खूष झालो.

दिवेलागणीला त्याला गाठलं.
"लिंबाजी, याचा अर्थ काय?"
"अर्थ कशाचा सर," तो म्हणाला,
"सोंगाची पेटी गेली चोरीला, मानवत रोडला.
आता काय घालू अंगावर?"
आणि हात पुढं केला.
पन्नासची नोट दिली.
वहीतलं सगळं वहीतच ओशाळून बसलं.

त्याच बाजारात जाता जाता एक गोधडी घेतली.
विकणारी सरूबाई, गाव सांगितलं नाही.
टाके मुंग्यांच्या ओळीसारखे
कडेकडेनं आत आत वळत गेलेले,
आणि मधोमध एक हिरवा तुकडा, तिरपा.
"हा मुद्दाम तिरपा ठेवला का?"
"चिंधीच तिरपी व्हती."
एका दिवसात दोनदा.

पौषात कड उसवली.
पोरानं बोट घालून घालून भोक मोठं केलं,
आतून निघाली
खाकी बाही,
पितळी गुंडीसकट.
अजून जरा उसवलं :
जाड किनतानाचा पट्टा, झोळीचा असावा,
डॉक्टरच्या कोटाचा खिसा,
खिशावर लाल शाईनं काढलेली अधिकची खूण,
एक रेघ जाड, एक बारीक.

"होमगार्डची असंल कुणाच्या," बायको म्हणाली.
असेल.
सरूबाई चोराची कुणी असेल,
लिंबाजीची बायको असेल, बहीण असेल,
किंवा किलोवर चिंध्या घेणारी नुसती एक बाई.
किंवा पेटी गेलीच नसेल कुठं.
रात्री पोरगं त्या गोधडीत झोपतं,
अंगावर जमादार, पायथ्याला पोस्टमन,
आणि घोरतं निवांत.

हिरव्या तुकड्याखाली काय आहे
ते मी उसवून बघितलं नाही.
आख्ख्या मास्तरकीत पहिल्यांदा
एक पेपर न तपासता खाली ठेवला.

सुईत दोरा ओवताना चार वेळा चुकलो.
माझे टाके तिच्यासारखे नाहीत,
लांब, भेदरलेले, लांबून ओळखू येतात.
पुढंमागं कुणी शहाणा गोधडी उजेडात धरून
विचारील, हे इथंच असे वेगळे का,
तर काय सांगायचं ते ठरवून ठेवलंय :

दोरा संपला होता.