फॅमिली रूम नाय

परभणीहून निघताना आईनं बांधून दिलेल्या
कडक भाकरी, महिनाभर टिकतील अशा,
वेंगुर्ल्याच्या स्टँडवर उतरले तर मऊ पडलेल्या.
इथली हवा आधी भाकरीत शिरते,
माणसाचं नंतर बघते.

खोली मिळाली कॅम्पात, एका शिंप्याच्या माडीवर.
पंखा, लोखंडी खाट, खिडकीत चार पोफळी
आणि कुठून तरी सतत एक आवाज.
मला वाटलं जवळपास डीपी गुणगुणतोय.
मालक म्हणाला, दर्या तो.
मी अकरा वर्षं ट्रान्सफॉर्मर ऐकलेली बाई.
मला समुद्र लोड वाढल्यासारखा ऐकू आला.

शनिवार. ऑक्टोबरची उकड.
नव्या गावात पहिल्या संध्याकाळी चालत सुटायचं,
ही माझी खोड. किनवट, उदगीर, जिंतूर,
तिन्ही बदल्या मी अशाच पायांनी सुरू केल्या.
बंदराच्या वाटेवर, बर्फाच्या कारखान्यामागे पाटी:
बियर गार्डन. प्रो. बस्त्याव आल्मेडा.

गार्डन म्हणजे एक निरफणस, उंडीची दोन झाडं, वाळू,
आणि जुन्या होडीच्या फळ्यांचं
एकच लांबलचक टेबल.
मी फाटकातच थबकले. डोळे शोधत होते
ती सवयीची, हिरव्या पडद्याआडची, कोंडवाड्याएवढी जागा.
"फॅमिली रूम नाय," गल्ल्यावरून आवाज आला.
"टेबल एकच आसा. विचारायचा आणि बसायचा."
काय विचारायचं?
"हंय कोण बसला काय? बस, इतक्याच."

बावीस वर्षं बोटीवर कुक होता बस्त्याव.
एकदा एजंटानं त्याला म्युनिकात
चार दिवस विमानाची वाट बघत ठेवलं.
अंगात उसनं जॅकेट, खिशात मोजकी नाणी,
अख्ख्या शहरात नावानं हाक मारणारं कोणी नाही.
चेस्टनटच्या झाडांखाली बाकांवर ओळीनं लोक,
खाणं डब्यातून घरचं, बियर तेवढी विकतची.
हा कडेला उभा. तर एक म्हातारी सरकली,
मीठ लावलेले मुळ्याचे काप पुढे केले,
नावगाव काही विचारलं नाही.
"मुळो!" बस्त्याव अजून मान हलवतो,
"बियरीवांगडा मुळो!"

मी विचारलं. माणसं सरकली.
बाटली आली माशांच्या क्रेटमधल्या बर्फातून,
काचेला बांगड्याचा पुसट वास.
शेजारी रापणीवरचे दोघं, तळलेले मुडदुशे कागदावर मांडून;
समोर पोस्टातून रिटायर झालेल्या तारामती चिपकर,
त्या फक्त सोडा पितात, पण रोज.
मी भाकरी काढली, कारळाची चटणी काढली.
"मऊ पडल्यात," मी म्हणाले, जणू चूक माझीच.
"पडतलेच," त्या म्हणाल्या, नि अर्धी मोडून घेतली.

मग लाइट गेली.
टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
वीजमंडळाचा उद्धार झाला, नीट, क्रमाक्रमानं,
वायरमनपासून वर चढत.
"नवी मॅडम येवची आसा म्हणतत."
"येवन दे. मगे बघूया तिका."
अंधारात माझ्या हातात मुडदुशाचा काटा.
गप्प बसता आलं असतं.
"ती मीच," मी म्हणाले. "सोमवारपासून."

थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही.
मग रापणीवरच्यांपैकी एक, थोरला की धाकटा कळलं नाही:
"आज शनवार न्हय? बसा मगे."
आणि कागद माझ्याकडे ढकलल्याची खरखर.

सगळ्या गावाचे डीपी मेलेले होते,
पोलवर एक तार गुणगुणत नव्हती,
तरी तो आवाज चालूच, उंडीच्या झाडांपलीकडे.
बस्त्याव मेणबत्ती शोधत होता.
त्याला कोणी घाई केली नाही.