वार, दोनशे सत्तर ग्रॅम

ट्रेमध्ये पसरली की एरवी ती
कळण्याच्या भाकरीएवढी भरते.
ही लहान. काठवटीत थापता थापता
कुणी हाक मारली म्हणून अर्धी सोडल्यासारखी.

नळाखाली धरली.
पाठीला काळ्या गाठी, चिकटलेल्या, जुन्या.
जुन्या म्हणजे आजच्या नव्हेत.
आतल्या आत काहीतरी
आधीपासून सुटत आलं होतं.
मधे पांढुरके चट्टे, बोटाखाली रेतीसारखे करकरणारे.
नाळ मध्यावर नाही, अगदी काठाला,
शिंप्याने घाईत टाचलेल्या बटणासारखी.

क्लार्कने विचारलं, वार?
मी म्हटलं, दोनशे सत्तर.
त्याला मंगळवार हवा होता.

रजिस्टरात रकाना आहे: मृत्यूचे कारण.
वरच्या सतरा ओळींत वेगवेगळ्या हातांचा एकच शब्द,
अज्ञात, अज्ञात, अज्ञा
इथे कुणाचं तरी पेन संपलं.

व्हरांड्यात सासूकडे मात्र कारणं भरपूर.
ग्रहणात इळी धरली.
पपई खाल्ली.
तिन्हीसांजेला मोकळ्या केसांनी केळीच्या बागेत गेली.
पडद्याआडून हर्षाली एवढंच,
"मी काय खादं, बाई? मी काय खादं?"

चोपड्यात बरणी मिळेना.
लोणच्याची घेतली, तीनदा धुतलेली,
तरी फॉर्मलीनखालून मोहरी येत राहिली.
पट्टीवर नाव, तारीख, आठवडे चौतीस.
बारकूमामा अमळनेरला गाडी बदलून
मांडीवर धरून धुळ्याला घेऊन गेला.
कंडक्टर म्हणाला, सामान आहे?
मामा म्हणाला, नाही. सोबत आहे.

बावीस दिवसांनी कागद आला.
वजन दिवसांच्या मानाने कमी.
रक्ताच्या वाटा बुजलेल्या.
वार वेळेआधी भिंतीपासून सुटलेली.
आईचा रक्तदाब पाहावा.

पाहिला होता. एकदा, पाचव्या महिन्यात.
कार्डावर त्यापुढचे दोन रकाने कोरे.
त्या शिबिरांना यंत्राचा फुगा फाटला होता,
आणि शिबिरांना मी होते.

तापीच्या अलीकडे तिचं घर.
ओसरीत शेंगा फोडत बसलेली.
मी कागद वाचून दाखवला, मग कागद बाजूला ठेवून म्हटलं,
पपई नाही. इळी नाही. तू नाहीस.
तिने फोडलेली शेंग तशीच हातात धरली.
"पपईनं लिखेल शे का त्याम्हा?"
नाही, तसं लिहीत नाहीत.
"लिख मंग."

म्हणून धुळ्याच्या शिक्क्याखाली
मी पेनाने लिहिलं: पपई नाही.

दारामागून सासू म्हणाली,
"इळी बी लिख."

मग बाहेर येऊन ती मला न्हाणीमागे घेऊन गेली.
हातभर खड्डा. वर पाटी,
कोंबड्या उकरू नयेत म्हणून पाटीवर दगड.
"मी खंदी ठेवेल व्हता. सातव्यातच.
कोठे शे ती?"

धुळ्यात, म्हटलं. कपाटात.
कापून पाहतात, हे सांगितलं नाही.
तिने दगड सारखा केला,
होता त्याच जागी.

ओसरीत कागद तसाच होता.
इळी नाही, असं लिहिलं.
त्याखाली जागा उरली होती,
दोन रकान्यांएवढी.
हर्षालीने पेन परत दिलं नव्हतं.
ती वाट पाहत होती
मी मागते का.