हिरवा रंग धरला नाही

पिल्लू लहान होतं, म्हणजे धुडकू मालचेच्या
एका बुटात मावेल एवढं,
आणि मांजर नुकतीच व्यालेली, बारदानाच्या थप्पीमागे.
नंदुरबारच्या पथारीवर मिरची लांबवर पसरलेली,
त्या दोघांचं मात्र
हातभर जागेवरून भांडण.

"मांजरीनी वरबाडं, सायेब. डोया जाई का?"

मी टॉर्च लावला. माझ्याकडे टॉर्चच आहे.
म्हशी-बकऱ्यांच्या दवाखान्याला
डोळ्याचं यंत्र कोण देतो.
बुबुळावर टाचणीच्या टोकाएवढी जखम.
आत, बाहुलीमागे, भिंगावर
एक तपकिरी ठिपका.
तो मी पाहिला. हे लिहून ठेवतो, कारण
दिसला नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

थेंब दिले. गोळी भाकरीत चुरून दे म्हटलं.
पाचव्या दिवशी हिरव्या रंगाची पट्टी टेकवली:
उघडी जखम रंग धरते.
धरला नाही. वाहून गेला गालावरून,
पिल्लू हिरवं रडल्यासारखं दिसलं
आणि आम्ही दोघंही हसलो.
"बरं झालं," मी म्हणालो.
केसपेपरवर सही, तारीख, शिक्का.

सहा आठवडे.
पिल्लाला नाव मिळालं, काजळ्या.
बुटात मावेना, बूटच चावू लागला.
देठ खुडणाऱ्या बायांच्या पदरांशी झोंबू लागला.
मग डोळा लाल झाला.
पथारीवर कोणाचा डोळा लाल नसतो?
बाया म्हणाल्या, मिरचीचा खकाणा.
धुडकू म्हणाला, खकाणा.
फोनवर मीही म्हणालो, पाण्याने धू.

चौथ्या दिवशी आणला तेव्हा
डोळ्याच्या तळाशी पिवळट साका बसलेला,
वर निळसर धुरळा,
आणि काजळ्या कपाळ भिंतीला टेकवून उभा,
कोणी शिक्षा केल्यासारखा.

भिंग ही विचित्र जागा आहे.
तिथे रक्त जात नाही.
म्हणून औषध धड पोचत नाही,
राखणीच्या पेशीही उंबऱ्याबाहेर थांबतात.
नखाने भोक पाडलं, नखावरचं काही आत ठेवलं,
आणि शरीराने, गुणी शरीराने,
घाईघाईने दार लावून घेतलं.
कडी नीट लागली का,
तेवढंच मी तपासलं होतं.

डोळा काढावा लागला.
बरणीत, फॉर्मलीनमध्ये, पार्सलने लांब गेला.
अहवाल आला तीन ओळींचा:
बुबुळाची जखम भरलेली. भिंगाच्या आवरणावर जुना व्रण.
भिंगाच्या आत जिवाणूंच्या वसाहती.
वसाहती. जसं काही तिथे
नळ आहे, रेशनकार्डं आहेत.

धुडकूला वाचून दाखवला.
पहिल्या दिवशीचा ठिपकाही सांगितला.
त्याने बराच वेळ तंबाखू मळली.
"तवय सांगं आसतं ते?"
"माहीत नाही. कदाचित."
"कदाचित," तो म्हणाला, माझ्यासारख्याच उच्चारात,
माझाच शब्द मला परत देत.

टाके काढायला मीच पथारीवर गेलो, संध्याकाळचा.
मांजर थप्पीवर बसून पंजा चाटत होती,
एकेक नख उघडून, सावकाश.
मग उतरली आणि काजळ्याच्या
डाव्या बाजूने गेली, अगदी अंगाला घासून जाईल इतक्या जवळून.
तो उजवीकडे बघत होता.