पर्यायी मजकूर

वेल्समधल्या या गावाचे डोंगर पाटीच्या दगडाचे.
फोडलेल्या दगडांचे ढीग परसापर्यंत आलेले.
याच दगडावर कुठे कुठे पोरांनी
पहिलं अक्षर गिरवलं असेल;
माझी पाटी काचेची.

चॅपलच्या माडीवर आमची संस्था:
सात स्वयंसेवक, एक केटल, एक उसनी गाडी,
आणि म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेऊन आणायचं व्रत.
वेबसाइट मी केली, फुकट.
विश्वस्तांना आवडली. विशेष करून
आपोआप सरकणारी चित्रं.

मंगळवारी हेइलवेन पॅरी आल्या.
पांढरी काठी छत्र्यांत ठेवून शेजारी बसल्या.
म्हणाल्या, स्क्रीन बंद कर.
माऊस ड्रॉवरमध्ये टाक.
आता बुधवारची गाडी सांगून दाखव.

मी टॅब दाबत गेले.
लिंक. लिंक. बटण. बटण. लिंक.
जत्रेत हरवलेलं पोर
दिसेल त्या खांबाला नाव विचारत जावं
तसा यंत्राचा आवाज.
मग आमची वेल्श आली
आणि तो ती इंग्रजीसारखी वाचू लागला.
आमचा दुहेरी ल,
जिभेच्या कडेनं वारा सोडून म्हणायचा,
त्यानं सपाट केला.
आईच्या भाषेचा चेंदामेंदा, अगदी सभ्य स्वरात.
"शाळेत इन्स्पेक्टर यायचा," हेइलवेन म्हणाल्या,
"तो अस्साच वाचायचा."

पहिल्याच ओळीत भाषा सांगायची राहिली होती.
दोन अक्षरं. सी, वाय.
टाकली,
आणि आवाजाला गाव आलं.

राखाडीवरची राखाडी अक्षरं काळी केली.
रकान्यांना लेबलं लावली,
पोराच्या कोटाला आतून नाव शिवावं तशी.
सरकती चित्रं काढताना
विश्वस्तांपुढे नाकी नऊ आले.
एकच फोटो ठेवला.

तिथे पोचल्यावर आवाज म्हणाला:
आय एम जी, दोन शून्य चार सात.
"हे कोण?"
एम्रिस, मी म्हटलं. तुमचे.
गाडीपाशी उभे आहेत.

त्यांची बोटं बराच वेळ
बटणांवर नुसती राहिली.

मी लिहिलं: हसतमुख स्वयंसेवक.
"खोड ते. कॅमेऱ्यासमोर तो जन्मात हसला नाही."
मी पाहिलं. खरंच हसत नव्हते.
तीन महिने तो फोटो माझ्यासमोर होता.
"हात कुठे आहेत त्याचे?"

मग लिहिलं:
तपकिरी कोटातला उंच माणूस.
एका हातानं गाडीचं दार उघडं धरलेलं,
दुसरा हात खिशात.
कोण बसणार, ते चित्रात नाही.

"खिशात पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या."
ते दिसत नाही, मी म्हटलं.
"मग नको लिहूस."

नंतर त्यांनी स्वतःच गाडी नोंदवली:
बुधवार, साडेनऊ, दाताचा दवाखाना, पुढची सीट.
उठताना म्हणाल्या,
लाव आता तुझी स्क्रीन.
अंधारात तुला सुचत नसेल.