आधी बंद

उद्यमनगरात, लेथच्या आणि फाउंड्रीच्या मधे
हमजा मुजावरांचं दुकान होतं.
मोल्डिंगची काळी वाळू उडून यायची, कीबोर्डात बसायची,
म्हणून दारात ओलं गोणपाट,
आणि चपला बाहेर. गिऱ्हाइकानंसुद्धा.

पहिल्या दिवशी त्यांनी मला नुसतं बसवलं.
म्हणाले, "आवाज ऐक, पोरी.
आधी पंखा थांबतोय, मग डिस्क उतरती,
गिरणी बंद केल्यावर पट्टा फिरत ऱ्हातोय तशी.
ती पुरती गप झाल्याबिगार
पिनंला हात लावायचा न्हाई."

आधी प्रिंटर बंद, मग डबा.
मग हात पत्र्याला टेकवायचा,
अंगातली ठिणगी तिथंच उतरवायची.
स्क्रू दोन्ही, थोडे थोडे, आळीपाळीनं.
आणि तारेला धरून ओढायचं नाही.
"म्हशीला दाव्यानं नेत्यात. शेपटीनं न्हाई."

आणि दहापर्यंत मोजायचं.
त्यांचे वडील गूळ मार्केटात तोलार होते,
म्हणून चाचा एक म्हणत नसत, लाभ म्हणत.
लाभ, दोन, तीन…
दुकानात वजन काट्यावर चढल्यासारखं वाटायचं.

संकपाळांच्या फाउंड्रीचा तीनशे शहाऐंशी.
दुसऱ्या दिवशी दिवाळीचा बोनस वाटायचा होता.
बटण चिकटतंय म्हणून मी कीबोर्ड उपसला
आणि दुसरा लावला,
डबा चालू असताना.
ठिणगी नाही, धूर नाही.
नव्या कीबोर्डाचे तीन हिरवे दिवे लागलेच नाहीत.
पडद्यावर कर्सर लुकलुकत होता,
जागा होता तो,
फक्त आता त्याला कुणाचं काही ऐकू येणार नव्हतं.

संकपाळ दारातच, हेल्मेट न काढता: "कुणी केलं?"
चाचांनी चष्मा पुसला.
"माझ्याकडनं झालं. घाई नडली."
घाई! चहा बशीत ओतून
तो निवेपर्यंत बशीकडं बघणारा माणूस.

रात्री तांदळाएवढा फ्यूज त्यांनी डाग देऊन बसवला.
मी बॅटरी धरली होती, उजेड हलत होता.
ते रागावतील म्हणून मी वाट बघत राहिले.
नाही रागावले.
कीबोर्ड माझ्या हातात दिला, म्हणाले,
"आता मोज."

आता माझं दुकान राजारामपुरीत, नवव्या गल्लीत.
चालू मशीनला वायरी लागतात, निघतात,
कुणी कुणाला विचारत नाही.
गेल्या मंगळवारी संकपाळांचा नातू
तोच डबा मोटारसायकलला बांधून घेऊन आला.
आजोबांच्या पॅटर्नांची वजनं ह्यातच आहेत,
बघा निघतात का.

झाकण काढलं. वाळू अजून होती.
कीबोर्डाच्या सॉकेटामागं तो डाग,
आणि झाकणाला आतून पिवळी पडलेली चिकटपट्टी,
बॉलपेनानं, चाचांच्या तिरक्या अक्षरात:
फ्यूज बदलला. चूक ह. मुजावर.

खोटं कुणासाठी लिहिलं होतं त्यांनी,
झाकणाच्या आत? तिथं कोण बघणार होतं?
दुसरा माझ्यासारखाच एखादा,
पेचकस घेऊन.

मी पेन शोधला. खालची जागा रिकामी होती.
माझं नाव लिहिलं, तारीख आठवेना.
दोन नावं एका चुकीवर, राहू देत.

पोराच्या हातात तोवर वायर होती.
"लावू का, काकू?"
मी म्हटलं, थांब. पत्र्याला हात लाव आधी.
लाभ…
"लाभ म्हंजे?"
एक, मी म्हटलं. मोज पुढं.